दंडाला न पुरणारा पट्टा

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची कंबर मोजायची, हे आमच्या खात्यानं नेमून दिलेलं काम आहे. आशादीदीच्या हातात छापील फॉर्म असतो. वय किती, तंबाखू-बिडी आहे का, दारू आहे का, आठवड्यात अंगमेहनत किती होते, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, आणि या सगळ्यांत एक रकाना कंबरेच्या घेराचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्याच्या पुढे दोन. पुरुषांचा हिशेब ९० पासून सुरू होतो. सगळे मिळून गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. कागदावर पाहिलं तर काम दोन मिनिटांचं आहे.

बहादरपुरात ते ओसरीवर करावं लागतं. सासू खाटेवर बसलेली असते, जाऊ पदराला हात पुसत दारात येते, शेजारणी डोकावतात, पोरं टेपचं दुसरं टोक धरायला धावतात. बारीक बाई हसत हसत पुढे येते. अंगानं भरलेली बाई म्हणते, "गॅसवर दूध आहे, आले हं," आणि आत जाते ती बाहेर येतच नाही. एखादी आतूनच ओरडून सांगते, "तूच लिहून टाक गं काहीतरी, तुझा टेप पुरायचा नाही मला." सगळे हसतात, तीही हसते. आशादीदी बिचारी अंदाजानं आकडा टाकते आणि पुढच्या घरी जाते. ज्या बाईसाठी हा रकाना केला, तिचाच आकडा खोटा लागतो. ती तपासणीलाही येत नाही, कारण तिथे वजनकाटा आहे हे तिला ठाऊक असतं.

मी याच भागात नर्स म्हणून काम करते. माहेर रावेरकडचं, सासर बहादरपूर. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर शहराला अगदी लागून असलेलं हे गाव. एका बाजूला पॉवरलूमचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला केळीचे मळे, आणि मध्ये बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं. घरात मराठी, बाजारात हिंदी, लूमवर उर्दू, असा आमचा कारभार. दुखणं वाढलं की माणसं कधी खंडवा-इंदूरकडे जातात, कधी रेल्वेनं भुसावळ-जळगावकडे. त्यामुळे एकाच बाईच्या पिशवीत दोन राज्यांतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. त्या चिठ्ठ्या वाचणं हा माझ्या कामातला मोठा भाग. जाड बाईच्या चिठ्ठ्यांवर, तक्रार गुडघ्याची असो, दम्याची असो की पाळीची, एक ओळ ठरलेली असते: वजन कमी करा. पुष्कळदा तेवढीच ओळ असते. तपासणी काहीच लिहिलेली नसते.

एक काकू आमच्याकडे शिबिराला यायच्या आणि तासभर भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. बसा म्हटलं की "राहू द्या, बरी आहे मी," म्हणायच्या. लोकांना वाटायचं, मर्यादशील बाई आहे, मोठ्यांसमोर बसत नाही. त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे. एक दिवस त्यांना आतल्या खोलीत नेऊन लाकडी बाकावर बसवलं, तेव्हा त्या बोलल्या. कुठल्याशा दवाखान्यात हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या, उठताना खुर्ची अंगाबरोबर उठली होती, आणि सगळा व्हरांडा हसला होता. त्यानंतर खुर्ची दिसली की त्या भिंत धरतात. आमच्या केंद्रातल्या सगळ्या खुर्च्या हातांच्याच होत्या. त्या आठवड्यात शाळेतून एक जुनं बाकडं मागून आणलं आणि दारापाशी टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही, फलक लावला नाही. काकू त्यावर येऊन बसू लागल्या. त्यांच्यासारख्या आणखीही काही जणी बसू लागल्या. इतके दिवस त्या उभ्या होत्या हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

याच काकूंच्या दंडामुळे बीपीच्या पट्ट्याची गोष्ट माझ्यापुढे नीट आली.

बीपीच्या यंत्राबरोबर जो नेहमीचा पट्टा येतो तो साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढेल एवढी लांब असावी लागते. काकूंचा दंड ३९ भरला. त्यांच्या दंडावर पट्टा कसाबसा गुंडाळायचा, हवा भरू लागलं की वेल्क्रो चर्र करत सुटायचं. मग कुणीतरी तळहातानं तो दाबून धरायचं आणि पुन्हा हवा भरायची. काकू मान दुसरीकडे वळवून बसायच्या. आकडा यायचा १६०, कधी १६४. प्रत्येक वेळी तो पाहून गोळी वाढत गेली होती. काकूंना सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची, एकदा चुलीजवळच तोल गेला. घरचे म्हणाले, वजनामुळे. दवाखान्यात सांगितलं तिथेही हेच ऐकू आलं.

केंद्राला किरकोळ खर्चासाठी जो निधी मिळतो त्यातून मोठा पट्टा घेता येतो. तो घेतला. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून मोजलं, तर बीपी १४०च्या आसपास. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. आकडे तारखेसकट कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी ते पाहिले, गोळी कमी केली, अंधारी थांबली. डॉक्टर भले होते. त्यांच्याकडे मोठा पट्टा नव्हता, आणि तो नाही याची आठवण त्यांना कुणी कधी करून दिली नव्हती.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ साली याच गोष्टीवर एक अभ्यास छापला. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी ५च्या जवळपास जास्त दिसतं. ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांच्यात हा फरक २०च्या जवळ जातो. आणि ज्यांचे दंड बारीक आहेत, त्यांना नेहमीचा पट्टा लावला तर बीपी खरं असतं त्याहून तीन-चारनं कमी दिसतं. आमच्या भागात ही शेवटची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. लूमवरच्या माणसांचे दंड पाहिले तर कळेल. त्या दिवसापासून मी बीपी घेण्याआधी दंडावर टेप लावते. कंबरेच्या टेपला तोंड लपवणाऱ्या बायका दंडाच्या टेपला काही म्हणत नाहीत. उलट विचारतात, "हे कशासाठी?" सांगितलं की समोरची बाई सैल होते. यंत्र चुकतं, आपण चुकत नाही, हे तिला बहुधा पहिल्यांदाच कुणी सांगितलेलं असतं.

आता जिच्याबद्दल सांगते त्या बाईची गोष्ट माझ्या मनाला फार लागलेली आहे. वय चाळिशीच्या आत, अंगानं दणकट, गोरी, चेहरा गोल. जिना चढली की दम लागायचा, छातीत धडधड, पाय जड. बाहेर दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. सगळीकडे एकच उत्तर, खाणं आवरा. एका ठिकाणी काट्यावर उभं राहताना काटा हलला म्हणून तिथला कंपाउंडर म्हणाला होता, यांना केळीच्या काट्यावर न्या. आमच्याकडे केळीचे घड ज्या काट्यावर तोलतात तो. ती हे सांगताना रडली नाही. तिनं फक्त सांगितलं की त्यानंतर वर्षभर ती कुठेच गेली नाही, दुखणं अंगावर काढलं.

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी. नखं तशीच. हिमोग्लोबिन केलं तर सहाच्या थोडं वर. एवढ्या अंगाच्या बाईला रक्त कमी असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. खात्यापित्या घरची आहे, दिसतंय ना, हेच सगळ्यांनी धरून चाललेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त बायकांना जे दुखणं आहे ते जाड बाईला नसेल असं समजायला काय आधार? चरबी वेगळी, रक्त वेगळं. अंगावर मांस आहे म्हणून रक्तात लोह असेलच असं नाही. विचारल्यावर ती म्हणाली, पाळीत अंगावरून फार जातं, आठ-आठ दिवस. हे तिनं आधी कुठेच सांगितलं नव्हतं. कारण "काय होतंय" हा प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच तिला तिच्या वजनाबद्दल ऐकावं लागलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. रक्त चढवलं, उपचार झाला, दम गेला. वजन होतं तेवढंच आहे. जिना ती आता न थांबता चढते.

घरचे तिला म्हणायचे, दराबा कमी खा. दराबा म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरची रवा-साखर-तुपाची मिठाई. मावा-जिलेबीसारखीच आमच्या गावाची शान. ती म्हणाली, सिस्टर, चार वर्षं झाली दराब्याला हात लावून. मला तिचं खरं वाटलं, कारण अशा बायका चारचौघांत जेवतच नाहीत. लग्नाच्या पंगतीत त्या वाढपाला उभ्या राहतात. कुणी आग्रह केला की "पोट भरलं" म्हणतात, आणि त्यांच्या ताटाकडे पाहणारे डोळे चुकवतात.

वजन वाढायची कारणं मोजायला बसलं तर खाणं हे त्यातलं फक्त एक निघतं. थायरॉइड मंद पडलं की वजन चढतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी चढतं. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन २०१७ पासून सरकारी केंद्रांतून मिळायला लागलं. त्यानं काही जणींचं वजन वाढतं. हे आधी सांगितलं तर बाई स्वतः ठरवते. सांगितलं नाही तर ती नवऱ्याचे टोमणे ऐकते आणि एक दिवस गुपचूप इंजेक्शन सोडते, मग नको असलेलं गरोदरपण घेऊन येते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गल्लीतल्या बिनडिग्रीच्या डॉक्टरांच्या पुड्या. कंबर दुखते, अंग दुखतं, दम लागतो, घ्या पुडी. दोन दिवसांत बाई टुणटुणीत. त्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. महिनोन्महिने घेतलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे मांस साठतं, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीकच राहतात. अशी बाई आली की लोक म्हणतात, बघा कशी फुगली खाऊन. तिची पुडी सोडवणंही जपून करावं लागतं. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेततं.

आणि आता दुसरी बाजू. जी नजर जाड बाईला पाहून सगळं दुखणं चरबीचं ठरवते, तीच नजर बारीक माणसाला पाहून त्याला निरोगी ठरवते.

आमच्या गल्लीच्या पलीकडे एक मामा लूमवर काम करायचे. काटकुळे, गालफडं बसलेली. पायांना मुंग्या येतात, रात्री चारदा उठावं लागतं, तहान भागत नाही, असं वर्षभर सांगत होते. कुणी टॉनिक दिलं, कुणी म्हणालं रात्रपाळीनं होतं, कुणी दूध-तूप खायला सांगितलं. शुगर कुणी तपासली नाही. फॉर्मवर त्यांची कंबर ७६, कंबरेचे गुण शून्य. पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि भरेना तेव्हा ते माझ्याकडे आले. शुगर ४००ला टेकलेली.

या कोड्याचं उत्तर पुण्यात मिळालेलं आहे, आणि ते मराठी वाचकांनी अभिमानानं माहीत करून घ्यावं असं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक पानभर टिपण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा एकत्र फोटो, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघेही बारीकच दिसतात. काट्यावर सारखे, आत वेगळे. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं पाहिली. आपल्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर, विशेषतः पाठीवर, चरबी त्या मानानं राखलेली असते, आणि कमतरता असते ती स्नायूंची. आईच्या पोटात मिळालं नाही त्याचा हिशेब पुढे चाळिशीत शुगरच्या रूपानं निघतो. लूमवरचे मामा त्याच हिशेबातले.

बीएमआयचा हा आकडा मुळात आजार शोधायला निघालाच नव्हता. बेल्जियमच्या ॲडॉल्फ केतले या खगोल आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकानं १८३०च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो हे मांडताना ते गणित केलं. अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांनी १९७२ साली त्याला आजचं नाव दिलं. हजारो माणसांचा अंदाज घ्यायला ते चांगलं आहे. समोर बसलेल्या एका बाईचा निवाडा त्यावर करणं चूक आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानंही हेच सांगितलं की, फक्त बीएमआय पाहून लठ्ठपणाचं निदान करू नका. कंबर मोजा, अवयवांवर परिणाम झालाय का ते तपासा, आणि ज्यांच्यावर झालाय ते आणि झालेला नाही ते वेगळे धरा. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी बीएमआयची भारतीय मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणली, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर होते. ते योग्यच आहे. पण मर्यादा खाली आणताना बोलायची पद्धत सुधारली नाही, तर टोमणे खाणाऱ्यांची रांग फक्त लांब होते.

वजनाचा आणि आजाराचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. पोटावरची चरबी शुगरला बोलावते, गुडघे झिजवते, झोपेत श्वास अडवते. हे मी रोज पाहते आणि रोज सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे की लाजवून कुणी बारीक होत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या जवळपास तीन हजार माणसांवर चार वर्षं लक्ष ठेवून २०१४ साली निष्कर्ष छापला. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं ज्यांनी सांगितलं त्यांचं वजन सरासरी सुमारे एक किलो वाढलं. ज्यांना तशी वागणूक मिळाली नाही त्यांचं पाऊण किलोच्या आसपास उतरलं. बहादरपुरात हे कसं घडतं ते मला दिसतं. सकाळी फिरायला निघालेल्या बाईला नाक्यावरची पोरं आवाज देतात. ती दुसऱ्या दिवसापासून फिरणं बंद करते. झालं. मग आम्ही तिला विचारतो, व्यायाम का करत नाही?

टोमण्यांचा साठा मोठा आहे. म्हैस, हत्तीण, ढोली, पिंप, आणि आमच्या हिंदी-मराठी सरहद्दीवर सगळ्यांत जास्त चालणारा, टुनटुन. तो ज्या बाईवरून आला त्या उमादेवी मुळात गायिका होत्या. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटातल्या त्यांच्या गाण्यानं लोकांना वेड लावलं होतं. पुढे पडद्यावर त्यांच्या अंगाला हसायची सोय झाली आणि त्यांचा गळा लोक विसरले. २०२० साली कलर्स मराठीवर 'सुंदरा मनामध्ये भरली' ही मालिका सुरू झाली. लतिका नावाच्या जाड मुलीच्या लग्नाची गोष्ट. आमच्याकडच्या मराठी घरांत ती आवडीनं पाहिली गेली. शिबिराला आलेल्या बायका लतिकाबद्दल बोलायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात जो ओलावा असायचा, तो मी त्यांना स्वतःबद्दल बोलताना कधी ऐकला नव्हता.

आमच्याच राज्यातल्या एका पोलीस निरीक्षकाची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलीस अधिकाऱ्याचा फोटो ट्विटरवर टाकून 'भारी' बंदोबस्ताचा विनोद केला. मुंबई पोलिसांनी उत्तर दिलं की हा गणवेश आणि हा अधिकारी आमचा नाही, आणि हा विनोद गैरलागू आहे. तो माणूस निघाला मध्य प्रदेशच्या नीमचचा. त्यानं सांगितलं की १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर इन्सुलिनचा तोल बिघडला आणि वजन वाढत गेलं. पुढे मुंबईच्या सैफी रुग्णालयात त्याच्यावर वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली, तीही मोफत, आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या किलोंचा आकडा ठळक छापला. त्याचं नाव आणि तो आकडा मी इथे लिहीत नाही, पुरेसा उगाळून झाला आहे. लोक म्हणाले, बघा, चेष्टेनं शेवटी भलंच झालं. मला हे मुळीच पटत नाही. इतकी वर्षं हे दुखणं घेऊन नोकरी करणाऱ्या माणसाला उपचाराची वाट सापडायला आधी देशभर हसं व्हावं लागलं. त्या अवधीत त्यानं ज्या ज्या दवाखान्याची पायरी चढली असेल, तिथे कुणी नीट विचारलं असतं तर?

सध्या मला काळजी आहे ती एका विशीतल्या मुलीची. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस, वजन वाढतंय. पीसीओडी आहे. कॉलेज सोडून घरी बसली आहे. दोन स्थळं येऊन गेली, दोन्हीकडून निरोप एकच, मुलगी अंगानं जास्त आहे. आईनं तिला एका ओळखीच्या बाईकडून महागाचे पावडरचे डबे आणून दिले, महिन्यात दहा किलो उतरेल म्हणून. मुलगी दिवसभर ती पावडर पिऊन राहायची आणि रात्री घर झोपलं की पोळ्या खायची, मग रडायची. आता तर २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही देशात मिळायला लागली आहेत. आई मोबाइलवर त्यांची जाहिरात दाखवून किंमत विचारते. ती औषधं खरी आहेत, गरजवंताला डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगाचीही आहेत. पण या घरात घाई लग्नाची आहे. मी आईला बाजूला बसवून सांगितलं, काकू, सहा महिने हिच्या वजनाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. पाळी नियमित करू, हिमोग्लोबिन वाढवू, झोप सुधारू. आई म्हणाली, "अन् लोकांचं काय करू?" लोकांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगी मात्र पुढच्या तारखेला आली, एकटी आली. काट्यावर उभी राहण्याआधी तिनं विचारलं, "आकडा मोठ्यानं वाचणार का?" म्हटलं, नाही. वजन आम्ही आता पडद्याआड घेतो, काट्याकडे पाठ करून उभं राहायची मुभा देतो, आणि आकडा विचारला तरच सांगतो. ती पाठ करून उभी राहिली.

एका डॉक्टरसाहेबांशी यावर माझा वाद झाला. ते म्हणाले, सिस्टर, ओपीडीत ८०-९० पेशंट असतात, गोड बोलत बसायला वेळ कुठे आहे? त्यांची अडचण मला माहीत आहे. ओपीडी मी पाहते, एका पेशंटला दोन मिनिटंही येत नाहीत. पण पापणी ओढून पाहायला पाच सेकंद लागतात. पट्टा बदलायला तेवढेच. "वजन कमी करा" हे लिहायलाही तेवढेच सेकंद लागतात, आणि त्या ओळीनं बाई वर्षभर परत येत नाही. मग ती येते ती रक्त सहावर गेल्यावर. तेव्हा लागणारा वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा? साहेब थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, मोठा पट्टा केवढ्याला मिळतो?

मासिक बैठकीत आशादीदींबरोबर आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. कंबर ओसरीवर मोजायची नाही, आतल्या खोलीत, दार लोटून, आणि आधी घरातल्या सगळ्यांत बारीक माणसाची मोजायची, म्हणजे टेप हा जाड माणसांसाठीच आहे असं वाटत नाही. बाई आत गेली आणि आली नाही तर अंदाज लिहायचा नाही, रकाना रिकामा ठेवायचा आणि पुन्हा जायचं. तक्रार काय आहे ते पूर्ण ऐकून झाल्यावरच, आणि "वजनाबद्दल बोलू का" असं विचारूनच, तो विषय काढायचा. बाई नको म्हणाली तर नको. आणि तिशीपुढच्या काटकुळ्या माणसाची शुगर कंबर न पाहता करायची. नव्यानं आलेल्या एका दीदीनं विचारलं, गुण शून्य असले तरी? तिला लूमवरच्या मामांच्या अंगठ्याबद्दल सांगितलं. तो अंगठा शेवटी काढावा लागला. ती दीदी त्यांच्याच गल्लीत राहते.

प्रत्येक उपकेंद्रासाठी तीन मापांचे पट्टे आणि एक बिनहातांचं बाकडं अशी मागणी लिहून वर पाठवली आहे. मंजुरी येईपर्यंत आमच्याकडचे मोठा आणि छोटा पट्टा एका पिशवीत असतात. ज्या केंद्राचं शिबिर असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी फोन करायचा आणि पिशवी घेऊन जायची, आणि परत आणताना त्यात कुणाचा दंड किती भरला त्याची यादीही ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी किती पट्टे लागतील हे मागताना आकडे हातात असतील.